मापटंभर ज्वारीची लेक

"पोरीला साळंत घालायला तू सोता जा. हात धरून ने. दादा जातील, वैनी जाईल, गावात कुनीबी जाईल. पर तू जा."

खांद्यावर पत्र्याची पेटी घेऊन पलटणीला निघालेला बंकट आठ वर्षांमागं एवढंच बोलला होता. वेशीबाहेरच्या बाभळीपाशी तो पुन्हा वळला, आणि आपलाच एक हात दुसऱ्या हातात धरून त्यानं लांबूनच दाखवलं, असा धरायचा. मग तो वडवणीच्या वाटेला लागला.

जाईबाईच्या कानात तो आवाज दिवसातनं एकदा तरी यायचाच. बहुतेक दुपारी, खडी फोडताना. हातोडा वर गेला की 'तू सोता जा', आणि खाली आला की 'पर तू जा'. ती गेली नव्हती. बंकट पासष्टच्या लढाईतनं धड परत आला, दोन-तीनदा रजेवर येऊन गेला, पण त्याला हे सांगायचं तिला जमलं नाही. आणि एकाहत्तरच्या मार्गशीर्षात तार आली, तेव्हापासून सांगायला कुणी उरलंच नाही.

पाऊस दोन सालं पडला नव्हता. हिवरखोरीच्या शिवारात हिरवं म्हणावं असं एकच राहिलं होतं, सोसायटीच्या गोडाऊनचं दार, आणि तेही उन्हानं पापुद्रे धरून सोलत चाललं होतं. रानातल्या भेगांत हात कोपरापर्यंत जायचा. बाया हिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीनं पाणी भरत. एका घागरीला अर्धी सकाळ जायची. गडीमाणसं दुष्काळी कामाच्या नालाबांधावर, बाया खडीवर, आणि पोटाला सरकारी वाटपाची सुकडी, नाहीतर रेशनचा तांबडा मिलो. त्याची भाकरी थापताना हातात तुटायची आणि खाताना घशात बसायची.

एवढ्यातही जाईबाई आपल्या वाटणीच्या पाण्यातलं चूळभर तुळशीला घालायची आणि मगच तोंडात काही घ्यायची. लग्न होऊन आल्यापासूनचा नेम. तुळस कधीच वाळून काडी झाली होती. थोरली जाऊ केशरबाई तोंडाची फटकळ. ती ओट्यावरनं म्हणायची, "पाज, काडीला पानी पाज. मानसं काय, वाऱ्यावर जगत्यात." जाईबाई हात जोडायची आणि हातोडा घेऊन निघायची.

चैत्र सरता सरता एक दिवस सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव फटफटी घेऊन खडीच्या कामावर आले. एरवी ते आले की मुकादमाशी बोलून, ढिगांवरनं नजर फिरवून जात. त्या दिवशी ते सरळ जाईबाईपुढं येऊन थांबले आणि म्हणाले, "वैनी, हातुडा खाली ठिवा जरा."

बाकीच्या बायांचे हातोडे आपोआप थांबले. अर्जुनरावांनी खिशातनं कागद काढला, चष्मा लावला, आणि सभेत वाचावा तसा वाचून दाखवला. त्यातलं सरकारी बोलणं कुणाला कळलं नाही. मग त्यांनी ते आपल्या भाषेत सांगितलं. लढाईत पडलेल्या जवानाच्या लेकरांचं शिक्षण सरकार करणार. फी नाही, पुस्तकं फुकट, बीडला वसतिगृहात राहणं आणि दोन वेळचं जेवण. शिकेल तिथवर. गावची शाळा सातवीलाच संपत होती, आणि बंकटची लेक धोंडी सातवीत पहिली येणार हे गुरुजींनी आधीच सांगून ठेवलं होतं. पोरीचं नशीब उघडलं, असं अर्जुनराव म्हणाले. फक्त शाळेचा एक दाखला जोडायचा आणि अर्ज पाठवायचा.

शेजारच्या ढिगावरची बायनाबाई म्हणाली, "आता धोंडी मामलेदारीन व्हनार. मंग आमच्या खडीचं माप तीच घ्यायला येईल. जाई, तिला आत्ताच सांगून ठिव, बायनामावशीच्या ढिगाकडं जरा बारीक डोळ्यानं बघ म्हनावं."

बाया हसल्या. दुष्काळात हसणंसुद्धा कोरडंच यायचं, पण आलं. जाईबाईनं पदर तोंडावर घेतला. कानातल्या त्या आवाजाला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी उत्तर देता येईल असं तिला वाटलं.

ते वाटणं संध्याकाळपर्यंतच टिकलं. सोसायटीच्या हापिसात गुरुजींनी शाळेचं जुनं रजिस्टर उघडलं, बोट फिरवत खाली आणलं आणि थांबले. धोंडाबाई. वडिलांचं नाव, माणिक.

माणिकराव म्हणजे केशरबाईचा नवरा, बंकटचा थोरला भाऊ. तो हयात होता, धडधाकट होता आणि त्या घटकेला नालाबांधावर माती टाकत होता. कागदावर धोंडी त्याची लेक होती. आणि जिवंत माणसाच्या लेकीला शहिदाची सवलत कोण देणार?

याचं मूळ चौदा वर्षं मागं होतं. जाईबाईची पहिली दोन लेकरं गेली. एक नवव्या दिवशी, दुसरं बसायला शिकलं तेव्हा. तिसरी ही पोर झाली तशी सुईण म्हणाली, हिला आपली म्हणून ठेवू नका, विकून टाका. गावात ती रीतच होती. बाराव्या दिवशी पोरीला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि जाईबाई बाजूला उभी राहिली. केशरबाई वाटेनं जाणाऱ्या परक्या बाईसारखी आली.

"कुनाचं लेकरू हाय ग हे?"

"कुनाचं न्हाई. इकायचं हाय."

"काय घेशील?"

"मापटंभर ज्वारी."

केशरबाईनं मापटं भरून ज्वारी तिच्या ओटीत ओतली आणि सूप उचलून घरात नेलं. दगडधोंड्यावर कुणाची नजर जात नाही म्हणून पोरीचं नाव धोंडा ठेवलं. दूध जाईबाईचं, पण पोर केशरबाईला आई म्हणायला शिकली आणि जाईबाईला काकू. केशरबाईची कूस रिकामी होती. रीत म्हणून घेतलेलं लेकरू तिच्या अंगाला कधी चिकटलं ते तिलाही कळलं नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या साली पोर तापानं फणफणली. सात दिवस डोळा उघडेना. जाईबाई तिला पोटाशी बांधून कपिलधारच्या देवाला गेली, कड्यावरनं पडणाऱ्या धारेखाली उभी राहिली, आणि वरनं पाणी आदळत असताना बोलून गेली, "म्हाराज, हिला जगू द्या. मी हिला कवाच माझी म्हननार न्हाई." पोर जगली. ते वचन कुणी ऐकलं नाही आणि जाईबाईनं कुणाला सांगितलं नाही. देवाला दिलेलं तोंडातनं बाहेर काढू नये, असं तिला वाटायचं.

म्हणून शाळेच्या पहिल्या दिवशी पोरीची वेणी घालून, हात धरून ती अंगणापर्यंत गेली आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकताना तिनं हात सोडला. साऱ्या गावादेखत हात धरून शाळेत नेणं म्हणजे माझी म्हणणंच झालं, असं तिच्या मनानं घेतलं. मग माणिकराव घेऊन गेला. मास्तरनं विचारलं, बापाचं नाव? माणिकराव म्हणाला, माणिक. ते मास्तर बदलून गेले, रजिस्टर तेवढं राहिलं.

अर्जुनराव हार मानणारे नव्हते. त्यांनी तालुक्याला हेलपाटे घातले, आणि चौकशीसाठी महसुलाच्या सर्कलसाहेबांची तारीख आणली. चुकीची नोंद पंचांसमोर दुरुस्त करता येते म्हणाले, फक्त आईनं सांगायचं, पोर माझी आणि बाप बंकट. एवढंच.

एवढंच नेमकं तिला सांगता येत नव्हतं. गोडाऊनच्या सावलीत मेज टाकून सर्कलसाहेब बसला, बाजूला पंच, समोर जाईबाई. साहेब वयानं पोक्त आणि बोलायला नरम होता. त्यानं विचारलं, "बाई, ही मुलगी तुमच्या पोटची का?"

जाईबाई जमिनीकडं बघत राहिली.

त्यानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. अर्जुनराव मागनं म्हणाले, वैनी, बोला, लाजायचं काय त्यात. तिच्या ओठांपर्यंत शब्द आला आणि त्याबरोबर धारेचं पाणी कानात आदळायला लागलं. तिला दिसली ती तापानं काळीठिक्कर पडलेली दीड वर्षाची पोर. आपण बोललो आणि हिला काही झालं तर? तिनं मान हलवली नाही, नकारही दिला नाही. नुसती उभी राहिली.

साहेबानं फाइल बांधली. पुढच्या मंगळवारी आपण एकदा पुन्हा येऊ, त्यानंतर मुदत संपते, आणि मग कागद आहे तसा परत जाईल, असं तो अर्जुनरावांना म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तोही चार गावं उन्हातनं करून आला होता.

मग गावानं आपापला अर्थ लावला. कुणी म्हणालं, जाईला पोर जड झाली. कुणी म्हणालं, जावेच्या धाकात आहे. अर्जुनराव दोन दिवस खडीकडं फिरकले नाहीत. माणिकरावाला मात्र वाट मोकळी झाल्यासारखं वाटलं. माजलगावाकडचं एक स्थळ त्याच्या मनात होतं, हिरीला पाणी असलेलं घर. पोर चौदाव्यात आहे, पाण्याच्या घरी पडली तर निदान घागरी तरी वाहणार नाही, असं त्याचं म्हणणं. तो वाईट माणूस नव्हता. दोन सालं कोरडं आभाळ बघून त्याला पाण्यापलीकडचं सुख दिसेनासं झालं होतं.

कुणी न सांगताही धोंडीला सगळं ठाऊक होतं. ती सातवीची पुस्तकं एका पिशवीत भरायची, पुन्हा काढायची, पुन्हा भरायची.

रविवारी दुपारी केशरबाई तवली काढायला उतरंडीपाशी पाटावर चढली, आणि सगळ्यात वरच्या मडक्यात तिच्या हाताला फडक्याचं गाठोडं लागलं. सोडून बघते तर लिंबाच्या वाळल्या पाल्यात पांढरी ज्वारी. वर्षभरात तिनं पांढरा दाणा बघितला नव्हता. ती गाठोडं घेऊन खाली आली आणि जाईबाईपुढं आपटून बसली.

"जाई, हे काय हाय?"

जाईबाईनं सांडलेले दाणे गोळा करायला घेतले.

"गाव पाला शिजवून खायलंय. मिलो गिळू गिळू धोंडीच्या पोटात गोळा उठायलाय. आन् तू ज्वारी दडवून ठिवलीस? तुळशीला पानी घालतीस, हात जोडतीस, आन् घरातल्या घरात चोरी करतीस व्हय?"

"चोरी न्हाई, अक्का. ती धोंडीची हाय."

"धोंडीची हाय तर तिच्या पोटात कावून घातली न्हाईस?"

"तिच्या मोलाची हाय," जाईबाई म्हणाली. "तुमी दिल्याली. उकिरड्यावर."

केशरबाईनं गाठोडं पुन्हा जवळ ओढलं.

मग जाईबाईनं हळूहळू सांगितलं. लेकराचं मोल दळून कसं खावं, म्हणून तिनं ती ज्वारी तशीच ठेवली. दर सुगीला नवी ज्वारी आली की जुनी पाखरांना टाकायची आणि त्याच मापानं नवी भरायची, लिंबाचा पाला घालून. गेली दोन सालं सुगीच झाली नाही, म्हणून ही दोन सालांची. दाण्यांना थोडे सोंडे किडे लागलेत. पण माप पुरं आहे. गेल्या श्रावणात तीन दिवस चूल पेटली नव्हती, तेव्हाही तिनं त्या मडक्याकडं बघितलं नव्हतं.

केशरबाईनं मूठभर दाणे उचलून बोटांतनं खाली सोडले. मग तिचा आवाज बसका आला.

"मंग परवा त्या साहेबापुढं दातखीळ कावून बसली तुझी? लोक म्हनायलेत, जाईला पोर नको झाली. म्या बी तेच म्हनले. आन् खोटं सांगत न्हाई, मनातनं बरं वाटलं मला. म्हनलं, ऱ्हायली माझी."

जाईबाईनं देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कपिलधारचं सांगून टाकलं.

केशरबाईनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मुदत किती घातलीस? बारा वरसं? न्हाती व्हईस्तोवर? लगीन व्हईस्तोवर?"

"मुदत घालायची ऱ्हाऊन गेली, अक्का."

"ऱ्हाऊन गेली?"

"लेकरू निपचित पडल्यालं, वरनं पानी आदळायलं. तेवढं ध्यानातच आलं न्हाई."

हसू आणि रडू दोन्ही एका वेळी यावं आणि दोन्हीला अंगात ताकद नसावी, तसं केशरबाईचं झालं. "येडी हायस तू," एवढंच ती म्हणाली. गाठोड्याची गाठ परत मारली, ते उचलून आपल्या ओटीत घेतलं आणि आत निघून गेली. तिच्या मनात काय आहे ते जाईबाईला कळलं नाही. मडकं रिकामं झालं, एवढं मात्र कळलं.

मंगळवारी ऊन सकाळपासूनच पेटलं होतं. गोडाऊनपुढं त्या दिवशी सुकडीचं वाटप होतं, त्यामुळं सारं गाव रांगेत. सर्कलसाहेब आला, मेज लागलं, रजिस्टर उघडून ठेवलं गेलं. जाईबाई पुन्हा समोर उभी राहिली. साहेबानं तोच प्रश्न विचारला आणि तिनं तशीच मान खाली घातली.

तेव्हा रांगेतनं केशरबाई निघाली. हातातली थाळी तिनं बायनाबाईकडं दिली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मेजापुढं येऊन म्हणाली, "साहेब, तिला नका इचारू. मला इचारा."

"तुम्ही कोण?"

"तुमच्या कागदावर जिची पोर हाय, ती."

साहेबानं लेखणी हातात घेतली. केशरबाईनं एकदा रांगेकडं बघितलं. त्या रांगेत तिला बारशाला न बोलावणाऱ्या बाया होत्या, लग्नाच्या हळदीत तिचा हात लागू न देणाऱ्याही होत्या. चौदा वर्षं धोंडीनं 'आई' म्हणून मारलेल्या हाकेनं त्यांची तोंडं तिनं बंद ठेवली होती.

"माझी कूस कवाच उजवली न्हाई," ती मोठ्यानं म्हणाली. "येक डाव बी न्हाई. ही पोर म्या मापटंभर ज्वारीला उकिरड्यावरनं इकत घेतली, लेकरू जगावं म्हनून. ही बायनाबाई तवा तिथं हुती, तिला इचारा. आता माझी ज्वारी मला परत पोचली. सौदा फिटला. पोर ज्याची त्याला."

साहेब म्हणाला, "ज्याची म्हणजे कुणाची, ते सांगा."

"बंकटची. माझ्या धाकट्या दिराची, जो लढाईत पडला."

"आणि आई?"

केशरबाईनं जाईबाईकडं एकवार बघितलं. "बंकटला बायको येकच हुती, साहेब. तुमीच लिवा काय लिवायचं ते."

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. साहेबाच्याही मिशा हलल्या. त्यानं बायनाबाईला पुढं बोलावलं. ती दोन थाळ्या हातात धरूनच आली आणि म्हणाली, व्हय, मी हुते, सूप बी माझंच हुतं, आजून परत मिळालं न्हाई. तेही साहेबानं लिहिलं की काय, देव जाणे. पंचांनी अंगठे उठवले.

आता माणिकराव राहिला होता. तो पार पलीकडं, गोडाऊनच्या पायरीवर पाठ करून बसला होता. अर्जुनरावांनी दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला तो उठला, मेजापाशी आला, आणि सही-अंगठ्याचं विचारायच्या आधीच म्हणाला, "मला बघू द्या एकवार."

"काय?"

"माझं नाव. कुठं हाय?"

गुरुजींनी रजिस्टर त्याच्याकडं फिरवलं आणि बोट ठेवलं. माणिकरावाला वाचता येत नव्हतं. त्यानं मातीनं भरलेलं आपलं बोट धोतराला पुसलं आणि गुरुजींच्या बोटाशेजारी टेकवलं.

"ही तीन अक्षरं?"

"हीच."

तो वाकून बघत राहिला. "मास्तरनं इचारलं तवा माझ्या तोंडातनं निघून गेलतं, साहेब. चुकून न्हाई. मी म्हनलो, लिहिनारच हाय तर लिहू दे. दुसऱ्या कुठल्या कागदावर मी बाप म्हनून न्हाई. येवढ्या येकावरच हाय." त्यानं बोट मागं घेतलं. "खोडा. खोडायचंच हाय ते. पर शाई जरा हलकी लावा."

सर्कलसाहेबानं लाल लेखणी घेतली होती ती खाली ठेवली. निळी घेतली, पट्टी लावली आणि त्या तीन अक्षरांवरनं एक बारीक रेघ ओढली, इतकी बारीक की खालचं नाव वाचणाऱ्याला नीट वाचता यावं. वर लिहिलं, बंकट. शेजारी सही केली. माणिकरावानं अंगठा दिला आणि सुकडी न घेताच नालाबांधावर निघून गेला. माजलगावाकडच्या पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी त्यानंच निरोप धाडला, पोरगी शिकायची हाय.

ज्येष्ठ निम्मा झाला तेव्हा बीडहून कागद आला. आभाळ रोज भरून यायचं आणि रोज तसंच निघून जायचं. अर्जुनरावांना नारळ फोडून, फोटो काढून धोंडीला निरोप द्यायचा होता, पण केशरबाईनं त्यांना दारातनंच परतवलं. पोर चाललीय, पुढारी न्हाई, असं ती म्हणाली.

निघायच्या दिवशी सकाळी जाईबाईनं तुळशीला चूळभर पाणी घातलं, हात जोडले, आणि तिला वास आला. घरातनं भाकरीचा वास येत होता. मिलोचा नव्हे. तिनं आत डोकावलं. केशरबाई चुलीपुढं बसून पांढरीशुभ्र भाकरी थापत होती. भाकरी तुटत नव्हती, काठवटीत गरगर फिरत होती. बाजूला सोंडे पाखडून टाकलेलं सूप आणि ते मोकळं फडकं. जाईबाई दारातच उभी राहिली.

"उभी काय ऱ्हायलीस? पोरीला वाटंत भूक लागल," केशरबाई मान वर न करता म्हणाली. "दोन सालांची हाय, पर गोडी गेली न्हाई."

पाच भाकरी झाल्या. त्याच फडक्यात बांधून तिनं त्या धोंडीच्या पिशवीत, पुस्तकांवर ठेवल्या. धोंडी तिच्या कमरेला मिठी मारून म्हणाली, आई, तूच चल सोडायला. केशरबाईनं तिचे हात हळूच सोडवले. म्हणाली, माझ्या गुडघ्याला यष्टीची पायरी चढवत नाही, काकू येईल. आदल्याच दिवशी ती घागर घेऊन हिरीच्या तळाला दोनदा उतरून वर आली होती.

मग ती जाईबाईला कोपऱ्यात घेऊन गेली.

"बंकट जाताना काय म्हनून गेलता ते म्या बी ऐकलंय. दारातच हुते, भैरी न्हवते. आज जा. तिथं कुनी इचारलं, ही तुमची कोन, तर तोंड उघडू नगस. कागद पुढं कर. कागद बोलंल. देवाला दिल्यालं ऱ्हाऊ दे तसंच." तिनं नाक पदराला पुसलं. "आन् तुळशीची फिकीर करू नगस. ती काडी मी बघते."

जाईबाई वाकून तिच्या पाया पडली. केशरबाईनं पाय मागं घेतले, आणि यष्टी काय तुमच्यासाठी थांबनार हाय का, म्हणून दोघींना दारातनं बाहेर काढलं.

दोघी वेशीबाहेर आल्या. माणिकराव सकाळीच कामावर गेला होता. बांधावरनं फावडं टेकून एक माणूस वाटेकडं बघत उभा होता, तो तोच असावा. बाभळीला पाला नव्हता, सावलीही काट्यांचीच. तिथं आल्यावर जाईबाई थांबली. तिनं कागदाची पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं धोंडीचा हात धरला, लांबनं दाखवला होता तसा, घट्ट.

धोंडी आता तिच्याहून चार बोटं उंच झाली होती. तिनं मागं वळून बघितलं आणि ओशाळून म्हणाली, "काकू, मी काय लहान हाय का? लोक बघायलेत."

"बघू दे," जाईबाई म्हणाली, आणि हात न सोडता वडवणीच्या वाटेला लागली.